सासूबाई पाणी कोणत्या भाषेत मागतात?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या ५२ वर्षांच्या एका शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. घरची भाषा तेलुगू आहे. सासरे गिरणीत होते, ते आता हयात नाहीत. सासूबाई ७८ वर्षांच्या असून त्यांनी ४० वर्षे घरी विड्या वळल्या. ३ वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. गेल्या दीड महिन्यात त्यांची रात्रीची झोप जवळजवळ उडाली आहे. एकदा पहाटे ४ वाजता "भोंगा झाला, ह्यांचा डबा राहिला" असे म्हणत त्या बाहेर पडल्या आणि दूधवाल्याने त्यांना चौकातून परत आणले. रोजचा पेपर त्या बादलीत भिजत घालतात. संध्याकाळ झाली की स्वतःच्याच घरात "इंटिकी पोदाम", म्हणजे घरी जाऊ या, असे म्हणत दार ठोठावत राहतात. पुण्यातल्या दिरांनी तिथले स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीचे एक निवासी केंद्र पाहिले असून महिन्याचा ५०,००० रुपयांच्या आसपासचा खर्च ते उचलायला तयार आहेत. हैदराबादच्या नणंदेच्या मते हे "आईला टाकून देणे" आहे. यजमान काही बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "घरी ठेवले तर मी संपते, तिकडे ठेवले तर त्या संपतात. मागच्या आठवड्यात त्यांच्यावर माझा हात उगारला गेला. मी काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी आधी घेतो, कारण ते लिहिताना तुमचा हात सर्वांत जास्त अडखळला असणार. हात उगारला गेला आणि थांबला. दीड महिना रात्री दोन-दोन तासांच्या झोपेवर काढून, सकाळी शाळेत ४० मुलांसमोर उभे राहून, संध्याकाळी पुन्हा दाराशी पहारा देणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडते, आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांतले बहुतेक लोक ते कुणाला सांगत नाहीत. तुम्ही सांगितले, हे चांगले केले. त्याला पाप म्हणू नका, पण "झाले एकदा" म्हणून सोडूनही देऊ नका. आजची व्यवस्था तुमच्या ताकदीपलीकडे गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि व्यवस्था बदलणे हा पुढच्या आठवड्यातला विषय आहे, पुढच्या वर्षातला नाही.

मात्र ही व्यवस्था बदलणे म्हणजे लगेच पुण्याचे केंद्र, असे मी म्हणत नाही. तुमच्या पत्रातले "गेल्या दीड महिन्यात" हे शब्द मला खटकले. अल्झायमर साधारणपणे हळूहळू, महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. तीन वर्षे संथ चाललेले दुखणे सहा आठवड्यांत एकदम उफाळले, तर त्यामागे दुसरे काही आहे का हे आधी पाहायला हवे. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, दातदुखी, रक्तातले सोडियम कमी होणे, एखादी नवी गोळी (सर्दी-खोकल्याच्या किंवा झोपेच्या साध्या गोळ्यांनीसुद्धा अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो), पडल्यामुळे डोक्याला लागलेला आणि कुणाच्या लक्षातही न आलेला मार, यांपैकी कशानेही रात्री अशा होऊ शकतात. ज्याला "दुखते" हा शब्द सापडत नाही, त्याचे दुखणे चिडण्यातून आणि येरझाऱ्यांतून बाहेर येते. म्हणून ज्या डॉक्टरांनी निदान केले त्यांच्याकडे या आठवड्यात जा आणि "आता जास्त झाले आहे" एवढेच न सांगता कधीपासून, किती वाजता, काय काय होते हे कागदावर लिहून न्या. थायरॉईड आणि बी-१२ ची तपासणी तीन वर्षांपूर्वी झालीच असेल, पण ती पुन्हा करायला हरकत नाही. कानातला मळ आणि डोळ्यांतला मोतीबिंदू हेही तपासून घ्या. अंधुक दिसणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या सावल्यांत माणसे दिसू लागतात. सहा आठवड्यांच्या वादळात पुढच्या काही वर्षांचा निर्णय घेऊ नका.

आता तुमच्या त्या वाक्याकडे वळू: "घरी ठेवले तर मी संपते, तिकडे ठेवले तर त्या संपतात." वाक्याचा पहिला अर्धा भाग तुमच्या अनुभवाचा आहे, तो मी मानतो. दुसरा अर्धा भाग तुमची भीती आहे. घरातल्या ओळखीच्या वस्तूंनी त्यांचे मन टिकून आहे आणि ते घर सुटले की त्याही सुटतील, असे तुम्ही त्यात गृहीत धरले आहे. पण तुम्हीच लिहिले आहे की रोज संध्याकाळी त्या त्याच घरात उभ्या राहून घरी जायचे म्हणतात. त्यांना हवे असलेले घर तुमच्या पत्त्यावर नाही. ते कदाचित त्यांच्या लहानपणाचे असेल, कदाचित सासरे पाळीवरून परत येत त्या दिवसांतले असेल, आणि कित्येकदा तर "घरी जायचे" याचा अर्थ केवळ "मला बरे वाटत नाही", "मला भूक लागली आहे" किंवा "इथे कुणी माझे नाही" एवढाच असतो. त्यामुळे "हेच तर तुमचे घर आहे" असे समजावण्यात दम घालवू नका. "जाऊ या, आधी चहा घेऊ" असे म्हणून त्यांचा हात धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तर दहापैकी काही वेळा तरी दाराचे विसरले जाते. शिक्षिकेला खोटे बोलण्याचा हा सल्ला रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण ज्या सासऱ्यांचा डबा राहिला म्हणून त्या निघाल्या होत्या, ते गेल्याची बातमी त्यांना दर पहाटे नव्याने सांगण्यात मला काही सत्यनिष्ठा दिसत नाही.

दुसरे गृहीतक तुमच्या पत्रातल्या मौनात आहे. तुमच्या पूर्ण पत्रात यजमान एकाच वाक्यात येतात, आणि त्या वाक्यातही ते काही बोलत नाहीत. दीर पैसे देतात, नणंद विरोध करते, आणि निर्णय मात्र सुनेने घ्यायचा, निभवायचाही तिनेच आणि उद्या बोल लागला तर तोही तिनेच घ्यायचा, ही वाटणी कुणी ठरवली? आई त्यांची आहे. पुढच्या रविवारी तिघा भावंडांना एकाच फोनवर घ्या, आणि बोलणे यजमानांना सुरू करू द्या. तुम्ही फक्त गेल्या दहा रात्रींची नोंद वाचून दाखवा: किती वाजता उठल्या, किती वेळ दार ठोठावले, कोण जागे होते. तुमच्या थकव्याचे वर्णन कुणी खोडून काढू शकेल, पण त्या कागदावर वाद घालता येणार नाही.

ज्यांनी आपली माणसे अशा केंद्रांत ठेवली आहेत, अशा कुटुंबांशी माझे गेल्या काही वर्षांत बरेच बोलणे झाले आहे. त्यांचे अनुभव माहितीपत्रकातल्या बागेइतके हिरवे नसतात आणि नातेवाइकांच्या भीतीइतके काळेही नसतात. पहिले तीन-चार आठवडे बहुतेकांना जड गेले. रुग्ण भांबावतो, जेवण कमी करतो, भेटायला आलेल्याचा पदर सोडत नाही. पुढे बरेचजण रुळतात, आणि मग नातेवाइकांना एक विचित्र दुःख होते, की आई आपल्यावाचून रुळली. एक मुलगी मला म्हणाली होती की घरी असताना ती आईची नर्स होती, केंद्रात गेल्यावर पुन्हा मुलगी झाली, कारण आता भेटीत डायपर आणि औषधे यांच्याऐवजी वेणी घालायला वेळ मिळत होता. दुसऱ्या एका कुटुंबाने मात्र चार महिन्यांत वडिलांना परत आणले. ते पडले होते, आणि हे घरी दोन दिवसांनी कळवण्यात आले. कवळ्या बदलतात, चष्मे हरवतात, ओळखीची झालेली मावशी नोकरी सोडून जाते. आणि आजार पुढे सरकतच असतो. तो घरीही सरकला असता, हे मात्र माणूस केंद्रात असताना कुणाला आठवत नाही. डोनेपेझिल किंवा मेमँटिन यांसारखी औषधे काहींना थोडा काळ आधार देतात, पण आजार थांबवत नाहीत. त्यामुळे सहा महिन्यांनी त्या आजच्यापेक्षा कमी बोलू लागल्या, तर तो दोष केंद्राचा किंवा तुमचा असेलच असे नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हे उत्तर लांबवत आहे, तो सांगतो. तुमच्या घरातल्या वादात पुणे आहे, सोलापूर आहे, पैसे आहेत, लोक काय म्हणतील हे आहे. सासूबाईंची भाषा कुठेच नाही. या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते आणि लहानपणीची मागे उरते. सोलापूरच्या बाजारात आयुष्यभर मराठी आणि हिंदी बोललेल्या तुमच्या सासूबाई आज दाराशी उभ्या राहून तेलुगूत बोलतात, ते यामुळेच असावे. पुण्यातल्या त्या सुसज्ज केंद्रात रात्री ३ वाजता त्यांनी "नीळ्ळु" म्हटले, तर मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या, स्वभावाने कितीही चांगल्या असलेल्या मुलीला त्या पाणी मागत आहेत हे कळणार नाही. "नोप्पि" म्हणजे दुखते आहे, हेही कळणार नाही. न कळल्यामुळे त्या ओरडतील, ओरडल्या म्हणून "त्रासदायक रुग्ण" अशी नोंद होईल आणि त्या नोंदीवर शांत करणारी गोळी सुरू होईल. अशा काही गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. त्या कधीच देऊ नयेत असे नाही, पण त्या तहानेवरचे औषध असू नयेत.

म्हणून एक गोष्ट सुचवतो, जी तुमच्या घरात कुणी बोललेले दिसत नाही. केंद्रात ठेवायचेच असेल तर पुण्याचेच का? सोलापुरातून पुणे सुमारे २५० किलोमीटर आहे आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीची केंद्रे हैदराबादमध्येही आहेत. तिथल्या मावशी तेलुगू बोलतील, आणि आपल्या पूर्व भागातल्या अनेक घराण्यांचे मूळ तेलंगणातलेच असल्यामुळे तिथली बोली सासूबाईंच्या कानाला परकी वाटणार नाही. शिवाय नणंद तिथे आहे. जिला हे टाकून देणे वाटते, तिच्यापासून आई काही किलोमीटरवर असेल आणि आठवड्यातून दोनदा भेटणे तिला शक्य होईल. दिरांचे पैसे हैदराबादलाही चालतात. ती विरोधात आहे म्हणून तिला वगळून निर्णय घेण्यापेक्षा तिलाच दोन केंद्रे पाहून यायला सांगा. त्याआधी तिने सोलापुरात येऊन आईबरोबर आठ रात्री काढल्या आणि त्या दिवसांत तुम्ही माहेरी गेलात, तर फारच उत्तम. हे मी सूड म्हणून सुचवत नाही. फोनवरची आई आणि पहाटे ४ ची आई या दोघींची ओळख झाल्याशिवाय तिला मत बनवता येणार नाही, म्हणून सुचवतो.

"टाकून देणे" या शब्दाचेही पाहू. ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या कायद्याने वृद्धाला पूर्णपणे टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडणे हा गुन्हा ठरवला असून त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. खर्च देऊन, भेटी ठेवून, उपचारांची जबाबदारी घेऊन केंद्रात ठेवणे यात येत नाही. उलट, घरात कोंडून, कुणीही न बोलता दिवसभर टीव्हीसमोर बसवून ठेवलेली माणसे मी याच शहरात पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी टाकलेली म्हणत नाही.

घरीच ठेवायचे ठरले तर? तोही पर्याय मी खरा मानतो, पण आजच्या रूपात नाही. दिरांना विचारा की ते ५०,००० फक्त पुण्याच्या केंद्रासाठीच आहेत, की आईसाठी आहेत. आईसाठी असतील, तर त्यातल्या काही भागात रात्री ८ ते सकाळी ८ अशी एक तेलुगू बोलणारी मावशी आपल्याच भागातून मिळू शकेल. दोन महिने हा प्रयोग करून पाहा. तुमची झोप परत येते का, एवढ्या एका कसोटीवर तो तपासा. दाराची कडी नजरेच्या वर बसवा, दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडा, उघडले की वाजणारी घंटा लावा, गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद ठेवा, न्हाणीघरापर्यंत मंद दिवा राहू द्या. हातातल्या कड्यावर फोन नंबर कोरून घ्या आणि चालू महिन्यातला एक फोटो मोबाइलमध्ये असू द्या. दूधवाला दर वेळी भेटेलच असे नाही. भावंडांकडे पाळीपाळीने दोन-दोन महिने ठेवण्याचा तोडगा मात्र टाळा. वाटणी म्हणून तो न्याय्य दिसतो, पण रुग्णाला दर वेळी नवे न्हाणीघर शोधावे लागते.

आणि तो भिजवलेला पेपर. तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, पण ते वाचून मी थबकलो. तेंदूचे पान भिजवून मऊ केल्याशिवाय कातरता येत नाही. कोरडे पान तुटते. सासूबाई पेपर खराब करत नाहीत, त्या उद्याच्या हजारीची, म्हणजे वळायच्या हजार विड्यांची, तयारी करतात. नावे आणि तारखा गेल्या तरी हातांना आलेले काम पुष्कळ काळ टिकते. त्यांना एक जुने सूप द्या, बोथट कात्री, पत्र्याचे माप, विडीच्या पानाएवढे तपकिरी कागद आणि दोरा द्या, तंबाखू अर्थातच नको. दुपारी ४ वाजता, संध्याकाळची घालमेल सुरू होण्याआधी, समोर बसवा आणि पंचवीस झाल्या की बंडल बांधायला सांगा. मोजणी चुकेल, चुकू द्या. माझी मावशी शेवटची दोन वर्षे रोज एकाच तांदळातले खडे निवडत असे, आणि ते तांदूळ आम्ही रात्री पुन्हा डब्यात भरून ठेवत असू.

केंद्र पाहायला जाल तेव्हा एक खबरदारी घ्या. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन त्याच रात्री परत येण्याची आपल्याला सवय आहे, पण तसे केले तर तुम्हाला केंद्राची फक्त दुपार दिसेल, आणि दुपारी सगळी केंद्रे चांगली असतात. संध्याकाळी ५ ते ७ मध्ये जा, त्यासाठी दिरांकडे किंवा नणंदेकडे एक रात्र राहा. त्या वेळी रुग्ण कुठे असतात, कुणी दार ठोठावत असेल तर कर्मचारी काय करतात, जेवण भरवताना बोलतात की मोबाइल पाहतात, हे बघा. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, त्यांतले कोण तेलुगू बोलते, आंघोळीला नाही म्हटले तर काय करतात, हात बांधतात का, शांत करणारी गोळी कुणाच्या परवानगीने देतात, पडल्यास किती वेळात कळवतात, हे नेमके विचारा. रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की परत न्यायला सांगतात, हा प्रश्न लोक विसरतात आणि नंतर तोच नडतो. डायपर, फिजिओथेरपी आणि रुग्णालयात नेण्याचा खर्च महिन्याच्या रकमेत धरला आहे का आणि अनामत कधी परत मिळते, हे लेखी घ्या. न सांगता भेटायला येऊ देत नसतील, तर बाकी काही विचारायची गरज नाही. पसंत पडले तरी सुरुवात कायमच्या मुक्कामाने न करता शक्य असेल तर महिनाभराच्या तात्पुरत्या मुक्कामाने करा. परत आणता येईल असा निर्णय घेणे सोपे जाते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. घर सासूबाईंच्या नावावर असेल तर आता त्यांचा अंगठा कशावरही घेऊ नका. ज्याला व्यवहार समजत नाही त्याच्या संमतीला कायद्यात किंमत नाही, आणि भावंडांत संशय मात्र कायमचा राहतो. आधी दिलेले मुखत्यारपत्रही त्यांची समज गेल्यावर टिकत नाही, म्हणून वकिलाला पालकत्वाच्या मार्गाविषयी विचारा. विडी कामगार म्हणून त्यांना भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन मिळत असेल, तर हयातीचा दाखला वर्षातून एकदा लागतो. वळून वळून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला लागत नसतील, तर मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही तो देता येतो. गाव बदलण्याआधी ते काम उरका. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे. तुम्हाला स्वतःला बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक आहे, आणि तो तुम्ही वापरावा असे मला वाटते.

माझा कल विचाराल तर असा आहे: आधी डॉक्टर, मग दोन महिने रात्रीची मावशी, आणि त्याच काळात हैदराबादची केंद्रे पाहून ठेवणे. त्यानंतरही रात्री सावरल्या नाहीत, तर नणंदेच्या जवळच्या केंद्रात महिनाभर. पुणे मी तेव्हाच निवडीन, जेव्हा तिथे रात्रपाळीला तेलुगू समजणारे कुणी असेल.

नेण्याची वेळ आलीच, तर जेवण झाल्यावर, दिवसाउजेडी न्या. आठवडाभर आधीपासून सांगून त्यांना रोज नव्याने धास्तावू नका. बॅगेत त्यांची रोजची चादर न धुता ठेवा, नवी नको. फोटो न्याल तर अलीकडच्या सत्काराचा नको, सासरे तरुण असतानाचा न्या. पाणी, भूक, दुखणे, लघवी आणि थंडी यांचे त्यांच्या तोंडी असलेले शब्द देवनागरीत, तेलुगूत आणि गरज असल्यास हिंदी अर्थासह एका कार्डावर लिहून ते पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. आणि ते सूप विसरू नका. त्याच्या कडेला तैलरंगाने त्यांचे नाव घाला, कारण तिथे वस्तूंची अदलाबदल होते.